मंगाबे: एका चुकीच्या नावाचा इतिहास

माथेरानच्या वाटेवर प्रवाशाच्या हातातली पिशवी हिसकावणारे ते माकड आणि देवळाच्या शिखरावर शेपूट सोडून बसलेले काळ्या तोंडाचे ते वानर, एवढा भेद मराठी माणसास शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असतो. हा भेद कोणी शास्त्रज्ञाने त्यास शिकविलेला नसतो. माकड चणेफुटाणे गालात कोंबून पळते, वानर बहुधा पाला खाते; एकाचे तोंड लालसर, दुसऱ्याचे काजळी फासल्यासारखे. आधुनिक प्राणिशास्त्रानेही ह्या दोघांस एकाच कुलाच्या दोन वेगळ्या उपकुलांत घातले आहे. म्हणजे लोकभाषेने केलेली वाटणी ह्या बाबतीत शास्त्राच्या कसोटीस उतरली.

परंतु नेहमीच असे घडत नाही. आफ्रिकेतील मंगाबे नामक माकडांचा इतिहास ह्याच्या अगदी उलट आहे. तिथे शास्त्रानेच एक नाव घडविले, शास्त्रानेच त्या नावाखाली एक गट उभा केला, आणि दोनशे वर्षांनंतर असा कोणताही गट निसर्गात नाही, हेही शास्त्रासच मान्य करावे लागले. ह्या दोन शतकांत मंगाबे बदलले नाहीत. त्यांच्याकडे पाहण्याची रीत बदलली. तो प्रवास आम्हांस एखाद्या वाङ्मयीन वादाइतकाच उद्बोधक वाटतो, म्हणून येथे मांडत आहोत.

आरंभ फ्रान्समध्ये होतो. ब्यूफाँ ह्या निसर्गविदाच्या बहुखंडी निसर्गेतिहासाचा चौदावा खंड १७६६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका लांब शेपटीच्या, पांढऱ्या पापण्यांच्या माकडाचे वर्णन आहे. त्याचे जिवंत नमुने ब्यूफाँकडे आले ते मादागास्करचे माकड म्हणून. त्या बेटावर मंगाबे नावाचे एक स्थळ आहे. त्याच्या आसपास हा प्राणी राहतो अशा समजुतीने ब्यूफाँने त्यास तेच नाव दिले. आपण दिलेले नाव कामचलाऊ आहे, खरे नाव कळेपर्यंतच ते वापरावे, अशी प्रांजळ कबुलीही त्याने दिली होती.

खरी गोष्ट अशी की, मादागास्करच्या अरण्यात माकडे नाहीतच. तिथे लेमूर आहेत. माकडांचे पूर्वज त्या बेटावर कधी पोहोचलेच नाहीत. ब्यूफाँने पाहिलेला प्राणी मुख्य आफ्रिका खंडाच्या पश्चिमेकडील अरण्यातला होता. अठराव्या शतकात युरोपात येणारे बहुतेक विदेशी प्राणी बंदरांतून, खलाशांच्या हातून, दोनचार मालक बदलून येत. जहाज शेवटी ज्या बंदरातून निघाले, किंवा विकणाऱ्यास जे नाव अधिक मोलाचे वाटले, तेच त्या प्राण्याचे गाव ठरे. प्राणी पॅरिसला पोहोचला, त्याचा पत्ता वाटेत हरवला. कामचलाऊ नाव मात्र टिकले. ज्या बेटाच्या नावाने हा प्राणी ओळखला जातो, त्या बेटावर त्याच्या जातीचे एकही माकड रानात जन्मलेले नाही.

ह्यापूर्वी आठच वर्षे, १७५८ साली, स्वीडनच्या लिनियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्यास ठाऊक असलेली बहुतेक सारी माकडे आणि वानरे ‘सिमिया’ ह्या एकाच प्रजातीत घातली होती. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा समूह, ह्या अर्थाने आम्ही हा शब्द येथे वापरत आहोत.) त्या प्रजातीत त्याने पोटभेद केले ते शेपटीवरून: बिनशेपटीचे, आखूड शेपटीचे आणि लांब शेपटीचे. आज ही वाटणी बाळबोध वाटेल. पण संग्रहालयातील भुसा भरलेली कातडी आणि प्रवाशांची वर्णने एवढेच ज्याच्या हाती आहे, त्याने शेपटीवर विसंबावे ह्यात नवल नाही. शेपूट दिसते, नाते दिसत नाही.

पुढचे पाऊल एत्येन जॉफ्र्वा सँतिलेर ह्याने १८१२ साली टाकले. त्याने ‘सर्कोसिबस’ ही नवी प्रजाती कल्पिली. ‘केर्कोस’ म्हणजे शेपूट आणि ‘केबोस’ म्हणजे माकड, अशा दोन ग्रीक शब्दांतून हे नाव तयार झाले आहे. म्हणजे शेपटीने येथेही पाठ सोडली नाही. ह्या प्रजातीत त्याने मंगाबे घातले, आणि त्यांच्या शेजारी काही आशियाई माकडेही बसविली. त्यांतच भारतातील एक माकड होते, डोक्यावर केसांची टोपी असलेले. त्याचे नाव जॉफ्र्वाने ‘सर्कोसिबस रेडिएटस’ असे ठेवले. हे म्हणजे आपले नेहमीचे टोपीवाले माकड, जे आज मकाक प्रजातीत ‘मकाका रेडिएटा’ म्हणून नांदते. माथेरानचे माकड काही काळ कागदोपत्री मंगाबेचे भाऊबंद होते, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसावी.

गंमत इथेच संपत नाही. १८५० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे ह्याने आफ्रिकेतून आलेल्या एका काळ्या माकडाचे वर्णन प्रसिद्ध केले. गालावर फिकट केस होते म्हणून त्याने त्यास ‘अल्बिजेना’, म्हणजे पांढऱ्या गालाचे, असे म्हटले. आणि घातले ते ‘प्रेस्बायटिस’ ह्या प्रजातीत. ही प्रजाती आशियाई वानरांची. आपल्या हनुमान वानरासही पुढे दीर्घकाळ ह्याच प्रजातीच्या नावाने ओळखत. सडपातळ अंग, लांब शेपूट, काळा चेहरा, डोक्यावर तुरा: ग्रेच्या डोळ्यांस हे रूप वानराचे वाटले. अशा रीतीने एक मंगाबे आपल्या माकडाच्या घरात आणि दुसरा आपल्या वानराच्या घरात, अशी त्यांची पहिली सोय झाली होती. पुढे ग्रेने १८७० साली त्या काळ्या माकडास स्वतंत्र प्रजाती दिली. पण तिचे नाव आधीच दुसऱ्या प्राण्यास दिले गेलेले निघाले, म्हणून १९०३ साली थिओडोर पामर ह्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने ‘लोफोसिबस’ हे नवे नाव सुचविले. ‘लोफोस’ म्हणजे तुरा. हे नाव बरीच वर्षे अडगळीत पडून राहिले. त्याची पुन्हा गरज लागेल असे फार थोड्यांस वाटले असेल.

आता ह्या प्राण्यांच्या देहाकडे वळू. विसाव्या शतकातील बहुतेक प्राणिशास्त्रज्ञांनी सर्व मंगाबे एका ‘सर्कोसिबस’ प्रजातीत एकत्र केले, ते अगदीच निराधार नव्हते. हे सारे मध्यम आकाराचे प्राणी. नराचे वजन साधारण आठ ते अकरा किलोच्या आसपास, मादी त्याहून बरीच हलकी. शेपूट धडापेक्षा लांब. गालात अन्न साठविण्याच्या पिशव्या, जशा आपल्या माकडास असतात. ढुंगणावर बसावयास घट्टे. कवटी पाहिली तर डोळ्यांच्या खोबण्यांखाली, गालाच्या हाडावर, दोन्ही बाजूंस खोल खळगे. म्हणून चेहरा आत ओढल्यासारखा, काहीसा उपाशी दिसतो. पटाशीचे दात मोठे व बळकट. आणि नराची ती विलक्षण हाक: आधी एक दीर्घ हुंकार, क्षणभर शांतता, मग घशातून उकळी फुटल्यासारखे गुळगुळणे. अरण्यात ही हाक किलोमीटरभर अंतरावरूनही ऐकू येते. पीटर वेझर ह्याने १९७०च्या दशकात युगांडातील किबाले अरण्यात ध्वनिमुद्रित हाका पुन्हा वाजवून दाखवून दिले की, ह्या हाकेच्या आधारे माकडांच्या टोळ्या एकमेकींपासून अंतर राखतात.

इतके सारे सारखे असताना हे प्राणी एकाच घराण्यातले नसतील अशी शंका कोणास यावी? तरीही भेद होतेच, आणि नजरेस पडतही होते. एका प्रकारच्या मंगाबेच्या वरच्या पापण्या पांढऱ्याशुभ्र. भुवया उंचावून ते त्या पापण्या चमकवितात आणि एकमेकांस इशारे देतात. त्यांचा रंग राखी, तपकिरी, कोठे मानेभोवती पांढरा पट्टा तर कोठे डोक्यावर तांबूस टोपी. त्यांचा बराचसा दिवस जमिनीवर पाचोळा उपसण्यात जातो. दुसऱ्या प्रकारच्या मंगाबेचा चेहरा आणि पापण्या दोन्ही काळ्या. अंगावर लांब काळे केस, डोक्यावर किंवा भुवयांवर तुरे. आणि ते सहसा झाडावरून खाली उतरत नाहीत. ग्रंथांत हे भेद नोंदविलेले असत. परंतु त्यांस पोटभेदाचे स्थान दिले जाई. एकदा ‘मंगाबे’ हा शब्द असला की मंगाबे नावाची वस्तूही असलीच पाहिजे, असे मनास वाटते. साहित्याच्या इतिहासातही असे घडते: एखाद्या कालखंडास नाव मिळाले की त्यात बसणारे आणि न बसणारे सारे लेखक त्या नावाखाली एकत्र जेवावयास बसतात.

मंगाबेंच्या ह्या एकत्र पंक्तीतून पहिला पाट उचलला तो रक्ताने. कॅलिफोर्नियातील व्हिन्सेंट सॅरिच ह्याने ॲलन विल्सनच्या साहाय्याने १९६७ साली रक्तातील प्रथिनांची तुलना करून माणूस आणि आफ्रिकी कपी ह्यांची फारकत सुमारे पन्नास लक्ष वर्षांपूर्वीच झाली असे प्रतिपादिले होते, आणि हाडांच्या अभ्यासकांचा रोष ओढवून घेतला होता. रीत अशी: एका प्राण्याच्या रक्तातील अल्ब्युमिन शुद्ध करून सशास टोचावयाचे. सशाचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती प्रतिपिंडे दुसऱ्या प्राण्याच्या अल्ब्युमिनवर किती जोराने काम करतात हे मोजावयाचे. नाते जितके जवळचे, तितकी प्रतिक्रिया तीव्र. ह्या रीतीस शेपूट दिसत नाही, तुरा दिसत नाही, चेहराही दिसत नाही. आणि हेच तिचे बळ.

१९७६ साली जॉन क्रोनिन आणि सॅरिच ह्यांनी ‘नेचर’ ह्या नियतकालिकात मंगाबेंविषयीचा आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मंगाबे हे एका उगमाचे नाहीत; त्यांचे उगम दोन आहेत. काळ्या पापण्यांचे, वृक्षवासी मंगाबे हे बबूनांच्या, म्हणजे आफ्रिकेच्या माळरानावरील त्या दांडग्या, लांब थोबाडाच्या माकडांच्या जवळचे. पांढऱ्या पापण्यांचे मंगाबे मात्र त्या शाखेत बसत नव्हते. दोन वर्षांनी, १९७८ साली, कॉलिन ग्रोव्हज ह्या वर्गीकरणतज्ज्ञाने कवट्या आणि कातडी पुन्हा तपासून ह्या निष्कर्षास दुजोरा दिला आणि पामरचे अडगळीतील ‘लोफोसिबस’ हे नाव बाहेर काढून काळ्या मंगाबेंस परत दिले. पांढऱ्या पापण्यांच्या मंगाबेंकडे ‘सर्कोसिबस’ राहिले. मग १९९०च्या दशकात डीएनएच्या अभ्यासाने राहिलेली बाजूही उलगडली: सर्कोसिबसचे सख्खे नातलग म्हणजे मँड्रिल आणि ड्रिल. मँड्रिल म्हणजे निळ्यालाल रंगाच्या नाकाचा, पश्चिम-मध्य आफ्रिकेच्या दाट अरण्यातील तो भरभक्कम प्राणी. तो बबूनाचा भाऊ मानला जात असे, निघाला मंगाबेचा.

येथे वाचकांच्या मनात एक स्वाभाविक प्रश्न येईल. रक्त काहीही म्हणो, डोळे इतके कसे फसले? त्याचे उत्तर बरेचसे आकारात आहे. ह्या गटातील माकडांचे शरीर जसजसे मोठे होते, तसतसे थोबाड त्याहूनही अधिक प्रमाणात लांबते. बबून आणि मँड्रिल दोघेही मोठे झाले, म्हणून दोघांचीही थोबाडे लांबली, आणि दोघे एकमेकांसारखे दिसू लागले. दोन्ही घराण्यांतील लहान आकाराचे सदस्य, म्हणजे दोन्ही प्रकारचे मंगाबे, आखूड तोंडाचे राहिले म्हणून तेही एकमेकांसारखे दिसले. शास्त्रज्ञांनी थोरांस थोरांबरोबर आणि धाकट्यांस धाकट्यांबरोबर बसविले. वस्तुतः दोन वेगळी कुटुंबे होती, प्रत्येकात एक थोरला आणि एक धाकटा. लग्नघरात चुलतभावांस वयावरून ओळखावे आणि सख्ख्या भावांस परके समजावे, तसे हे झाले.

रक्ताचा निर्णय लागला तरी हाडांच्या अभ्यासकांस तो पुरता पटण्यास वेळ लागला, आणि आम्हांस त्यात काही गैर वाटत नाही. नाते खरे असेल तर त्याची खूण देहात कोठेतरी असलीच पाहिजे, हा आग्रह योग्यच होता. ती खूण १९९९ साली जॉन फ्लीगल आणि स्कॉट मॅग्रॉ ह्यांनी दाखवून दिली. सर्कोसिबस आणि मँड्रिल ह्या दोघांच्या दाढांच्या पुढच्या उपदाढा असाधारण मोठ्या आहेत. दोघांच्याही दंडाच्या हाडावर खांद्याचे व कोपराचे स्नायू जेथे धरतात तेथे ठळक कडा आहेत. दोघांचे कटीचे हाड दणकट आहे. लोफोसिबस आणि बबून ह्यांच्यात ही लक्षणे नाहीत. ती असण्याचे कारणही त्यांनी सांगितले. हे दोन्ही प्राणी अरण्याच्या जमिनीवर कुजलेले ओंडके फोडतात, पाचोळा उपसतात, आणि इतर प्राण्यांस फोडता न येणारी कठीण बीजे व कवचाची फळे दातांनी फोडून खातात. आणि झाडाच्या सरळ बुंध्यावरून चढउतार करतात.

कोत दिव्वारच्या ताई अरण्यात ह्याचे प्रत्यंतर मिळते. तेथील काजळी मंगाबेंच्या अन्नाचा फार मोठा वाटा एकाच झाडाच्या बीजांचा असतो. साकोग्लोटिस नावाच्या ह्या झाडाचे कठीण बीज जमिनीवर पडून राहते. मंगाबे ते पाचोळ्यातून उकरतात, सुळ्यांमागे अचूक बसवतात आणि फोडतात. हे काम नरमादी, लहानथोर सारे वर्षभर करतात. म्हणजे ज्या दातांकडे वर्गीकरणकारांनी शतकभर पाहिले, त्यांचा अर्थ त्या अरण्याच्या जमिनीवर पडलेला होता. संग्रहालयातील कवटीने काही दडवून ठेवले नव्हते. तिला काय विचारावे हे कोणास सुचले नव्हते.

ह्या कथेचा पुढचा भाग टांझानियात घडतो. देशाच्या दक्षिणेस रुंग्वे नावाचा पर्वत आहे. त्याच्या परिसरात न्याक्युसा लोक राहतात. त्यांचे शिकारी ‘किपुंजी’ नावाच्या एका लाजाळू माकडाविषयी सांगत. न्याक्युसांच्या कथांत खरे प्राणी आणि आत्मरूप प्राणी दोन्ही येतात. त्यामुळे किपुंजी ह्यांपैकी कशात मोडतो, हे संशोधकांस चटकन कळेना. २००३ साली टिम डेव्हनपोर्ट ह्यांच्या चमूस तो प्रत्यक्ष दिसला. दुसऱ्याच वर्षी, तेथून शेकडो किलोमीटर दूर, उदझुंग्वा पर्वतातील न्दुंदुलू अरण्यात ट्रेव्हर जोन्स आणि कॅरोलिन एहार्ट ह्यांच्या चमूस तोच प्राणी स्वतंत्रपणे आढळला. दोन्ही चमूंनी मिळून २००५ च्या मे महिन्यात ‘सायन्स’ नियतकालिकात त्याची घोषणा केली. लेखकांत नोआ म्पुंगा आणि सोफी मचागा हे टांझानियाचे संशोधकही होते. लांब तपकिरी केस, डोक्यावर उभा तुरा, काळा चेहरा, काळ्या पापण्या, वृक्षवास. अर्थातच त्यास ‘लोफोसिबस किपुंजी’ म्हणण्यात आले. म्हणजे पुन्हा एकदा चेहऱ्यावरून नाते ठरविले गेले. त्याची हाक मात्र मंगाबेच्या त्या प्रसिद्ध गुळगुळण्यासारखी नव्हती. ती होती भोंग्यासारख्या आवाजाची भुंक.

ह्या घोषणेवरून वाद झाला. नव्या जातीस नाव देताना एक प्रमाण-नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, अशी परंपरा आहे. येथे प्रमाण-नमुना होता एक छायाचित्र. इतक्या दुर्मीळ प्राण्यास केवळ नाव देण्यासाठी मारणे अनुचित, अशी लेखकांची भूमिका होती; देहावाचून जात कशी सिद्ध होणार, असे आक्षेपकांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. अखेर देह मिळाला, पण तो शास्त्रासाठी कोणी मारलेला नव्हता. रुंग्वेच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याने मक्याच्या शेतात लावलेल्या सापळ्यात अडकून एक तरुण नर मेला होता. त्याच्या कवटीचे आणि डीएनएचे परीक्षण झाले आणि २००६ साली निकाल आला: हा प्राणी लोफोसिबसपेक्षा बबूनास अधिक जवळचा आहे, पण बबूनही नाही. त्यास ‘रुंग्वेसिबस’ ही नवी प्रजाती देण्यात आली. आफ्रिकेतील जिवंत माकडाची नवी प्रजाती ह्यापूर्वी स्थापन झाली होती ती १९२३ साली.

पुढील काही वर्षांत आणखी एक गुंता उलगडला. रुंग्वेच्या किपुंजींमधील, केवळ मातेकडून येणारे डीएनए पिवळ्या बबूनांशी इतके जुळते की, फार पूर्वी कधीतरी ह्या दोहोंचा संकर झाला असावा असा तर्क करावा लागतो. न्दुंदुलूच्या किपुंजींत मात्र त्या संकराची खूण आढळली नाही. वंशवृक्ष म्हटले की फांदीतून फांदी फुटत जाणारे झाड आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ह्या झाडाच्या फांद्या वेगळ्या झाल्यावरही कोठे कोठे पुन्हा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, वडाच्या पारंब्यांसारख्या.

एवढे सारे ऐकून एखादा वाचक विचारील की, माकडे दोन घराण्यांतली असोत की तीन, आपणास त्याचे काय? ह्या प्रश्नास एक कठोर उत्तर आहे. १९८६ साली पश्चिम आफ्रिकेतील रुग्णांत एड्सचा दुसरा विषाणू, एचआयव्ही-२, ओळखला गेला. १९८९ साली स्पष्ट झाले की त्याचा अगदी जवळचा नातलग काजळी मंगाबेच्या रक्तात राहतो. मंगाबे स्वतः त्याने सहसा आजारी पडत नाही. परंतु हाच विषाणू अमेरिकेतील प्रयोगशाळांत आशियाई मकाकांत शिरला तेव्हा ती माकडे एड्ससारख्या रोगाने मेली. माणसांत तो आला तो बहुधा शिकारीतून, मांस कापताना. १९९०च्या दशकाच्या आरंभी मुंबईतही एचआयव्ही-२ची नोंद झाली. २००३ साली आणखी एक गोष्ट उघड झाली: चिंपांझीमधील ज्या विषाणूपासून एचआयव्ही-१ निघाला, तो स्वतःच दोन माकडांच्या विषाणूंच्या मिश्रणातून झाला होता, आणि त्यांतले एक माकड होते तांबड्या टोपीचा मंगाबे. काजळी मंगाबे आणि तांबड्या टोपीचा मंगाबे, दोघेही सर्कोसिबस. कोणाचे रक्त कोणाच्या जवळचे, हा प्रश्न आमच्या काळात निव्वळ पंडिती राहिलेला नाही.

दुसरे उत्तर ह्याच्या उलट दिशेचे आहे. जोवर सारे मंगाबे एक मानले जात, तोवर त्यांतील एखादी लहानशी वस्ती नाहीशी झाली तर एका मोठ्या गटाची किरकोळ हानी झाली असे वाटे. नावे वेगळी झाली तसा प्रत्येक वस्तीचा हिशेब वेगळा झाला. केनियातील टाना नदीच्या काठच्या अरण्यपट्ट्यात एक मंगाबे राहतो. तो जगात अन्यत्र कोठेही नाही. उदझुंग्वाच्या उतारावर १९७९ साली संशोधकांच्या नजरेस पडलेला सांजे मंगाबे तेथलाच, दुसरीकडचा नव्हे. त्या डोंगरांवर १९९२ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. किपुंजीची २००८ साली प्रसिद्ध झालेली गणना होती १,११७. एका बऱ्यापैकी गावाच्या लोकसंख्येहून कमी. हा आकडा पाहिला म्हणजे कळते की, ज्या प्राण्यास २००५ पर्यंत शास्त्रात नावच नव्हते, तो नाव मिळण्यापूर्वीच नाहीसा होऊ शकला असता; आणि त्याच्याविषयी सांगणाऱ्या शिकाऱ्यांच्या गोष्टी मग खरोखरच आत्मरूप प्राण्याच्या गोष्टी ठरल्या असत्या.

म्हणूनच किपुंजीचे नाव आम्हांस ब्यूफाँच्या मंगाबेपुढे ठेवून पाहावेसे वाटते. एक नाव पॅरिसमध्ये, बंदरातील ऐकीव माहितीवरून, प्राण्याच्या मूळ भूमीतील कोणासही न विचारता ठेवले गेले. दुसरे त्या प्राण्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांच्या तोंडचे, जसेच्या तसे शास्त्राने उचललेले. प्रजातीचे नाव एका वर्षात बदलावे लागले. ‘किपुंजी’ हे जातीचे नाव मात्र जागचे हलले नाही. न्याक्युसांनी त्याचे नाते कोणाशी जोडले नव्हते. हे माकड वेगळे आहे, इतकेच ते म्हणत होते, आणि तेवढे पूर्णतः खरे होते.

‘मंगाबे’ हा शब्दही अजून टिकून आहे. आता तो कोणत्याही एका कुटुंबाचे नाव नाही. दोन घराण्यांतील काही धाकट्यांस मिळून आपण तसे म्हणतो, एवढेच. स्थळ चुकीचे, गट चुकीचा, तरी शब्द चालतो, कारण बोलण्यास तो सोयीचा आहे. ब्यूफाँने खरे नाव कळेपर्यंत ठेवलेले हे कामचलाऊ नाव अडीचशेहून अधिक वर्षे कामी आले. त्यात वाईट काही नाही, मात्र ते कामचलाऊ आहे ह्याचा विसर पडू नये. तो विसर पडला होता म्हणूनच नजरेसमोरच्या पांढऱ्या आणि काळ्या पापण्यांचा अर्थ लागण्यास १९७६ साल उजाडावे लागले.